एका माणसाची कंपनी

मु. पिंपळटोली, पो. दिघोरी, ता. लाखांदूर
८ ऑगस्ट २०२२

प्रविणदादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेले नाही. ते विसरून राहिलेले नाही. तो शब्द घरातल्या मोठ्या माणसांसाठी असतो आणि तू फक्त वयाने मोठा आहेस.

मोबाईल असताना पत्र का, असे म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी 'हो, हो' म्हणतो. काय म्हणायला हवे होते ते मला नंतर शेताच्या धुऱ्यावर बसल्यावर सुचते. व्हॉट्सॲपवर लिहिले तर तू वाचून गप्प बसतोस. कागदाला निदान उत्तर देण्याची आपल्यात अजून लाज आहे.

परवा आपल्या बांधीत धानाचा रोवणा चालू होता. आई गुडघाभर चिखलात, हातात रोपांची, पऱ्ह्यांची जुडी. तेवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. तुझ्या नागपूरच्या सीएच्या ऑफिसातली मुलगी होती. म्हणाली, "मॅडम, डायरेक्टरची केवायसी करायची आहे, ओटीपी सांगा."

आईने फोन मला दिला. रांगेतून वच्छलाकाकूने विचारले, "का वो उषाबाई, कोनाचा फोन?"

"प्रविणच्या कंपनीचा. मी डायरेक्टर हाओ ना तिथं."

"अवो माय! मंग डायरेक्टर बाई, आमच्या मजुरीचं पाहा ना जी जरासं!"

सगळी रांग हसली. आईसुद्धा हसली, हे मला जास्त लागले. तेव्हापासून तिला कोणी नावाने हाक मारत नाही. "डायरेक्टर बाई, पऱ्हे आना. डायरेक्टर बाई, तुमची वळ वाकडी होऊन राहिली." मी आकडे दोनदा तपासून त्या मुलीला सांगितले, तोवर ओटीपीची मुदत संपली होती. पुन्हा मागवला. पुन्हा तसेच झाले. ती मुलगी कंटाळली, पण चुकीचा आकडा सांगण्यापेक्षा ते बरे.

मी आईला विचारले, डायरेक्टर म्हणजे काय ते तुला माहीत आहे का? ती म्हणाली, "प्रविणनं म्हटलं सही कर, मी केली. पोराले का इचारू, कायले म्हनून?"

आठवते का, आधी तू पब्लिक लिमिटेड काढणार होतास. तिला सात माणसे लागतात म्हणून भोजराजकाकांच्या ओट्यावर सात माणसे जमवलीस आणि आपला चिन्नोर तांदूळ दुबईला कसा जाईल ते सांगितलेस. सातही जणांनी चहा प्यायला. परसराम म्हणाला, "पब्लिक म्हंजे आमीच ना जी? मंग आमचंच आमाले कायले इकता?" आणि बैठक मोडली. मग तीच कंपनी तीन माणसांची प्रायव्हेट लिमिटेड झाली. तू, तुझा मित्र घनश्याम आणि चिखलात उभी असलेली आपली आई. नाव ठेवलेस डीपीयू ग्लोबल. बाबांचे देवाजी, तुझे प्रविण, आईचे उषाबाई. आपल्या घरात चौथे माणूसही आहे. तक्रार नाही, फक्त अक्षरे वाचली.

तांदूळ पिशवीत भरून नागपूरच्या दोन-तीन दुकानांत ठेवला की त्याला ग्लोबल म्हणतात, हे मला माहीत नव्हते. अकरावीत शाळा सुटल्यामुळे राहून गेले असेल.

पुढच्या वेळी त्या मुलीला माझा नंबर दे.

अंकुश


२७ नोव्हेंबर २०२२

प्रविणदादा,

तुझा फोन झाला. तू 'रीस्ट्रक्चरिंग' म्हणालास. मी शब्दाचा अर्थ शोधला आणि मग घनश्यामच्या गावच्या एका माणसाला विचारले. घनश्याम तुला सोडून गेला आहे. एवढे तीन शब्दांत सांगता आले असते.

आता तू मला म्हणतोस, ये, आपण दोघे भाऊ मिळून एलएलपी काढू. तुला दुसरा माणूस हवा आहे. तो मी आहे म्हणून नव्हे, दुसरा कोणी उरला नाही म्हणून. आणि वर म्हणालास, "तुला यातले कळणार नाही, तू फक्त हो म्हण." म्हणून लाखांदूरच्या वाचनालयातून मी कंपन्यांच्या प्रकारांवरचे पुस्तक आणले. मला काय कळले ते लिहितो. चूक असेल तर दुरुस्त करून पाठव, फोन करू नकोस.

बाबांची शेती म्हणजे एकल मालकी. त्यात धंदा आणि माणूस वेगळे नसतात. बाबांना ताप आला की धंद्याला ताप येतो. असला धंदा काढायला कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे तुला तो धंदाच वाटत नाही.

भोजराजकाका आणि परसराम यांचे थ्रेशर ही भागीदारी. परसराम ते घेऊन शेजारच्या गावी गेला, वळवताना कोणाच्या तरी गुरांच्या कोठ्याची भिंत पाडली आणि तिथून पळून आला. शिव्या खायला भोजराजकाका गेले. भिंतही त्यांनीच बांधून दिली. कायदा नेमके हेच सांगतो, की एका भागीदाराने केलेले दुसऱ्याच्या अंगावर येते. मी काकांना म्हटले, मग असली भागीदारी ठेवता कशाला? ते म्हणाले, "अबे, मी पाडली असती त तो गेला असता ना."

परसराम गेला असता असे मला वाटत नाही. पण काकांना वाटते.

आता तुझी एलएलपी. मर्यादित जबाबदारीची भागीदारी. दोघांनी मिळून धंदा करायचा, पण एकाने भिंत पाडली तर दुसऱ्याने शिव्या खायच्या नाहीत. वाचल्यावर माझ्या लक्षात आले की तू आणि मी गेली चार वर्षे असेच भाऊ आहोत. त्यासाठी नोंदणी करायची गरज नाही.

एक प्रकार नफा न वाटण्याच्या कंपनीचा आहे, समाजकार्यासाठी. न वाटणे तुला जमले असते, पण त्यासाठी नफा आधी व्हावा लागतो. आणखी एक शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी असते. दहा शेतकरी लागतात, आणि कोणाचे शेअर कितीही असोत, एका माणसाला एकच मत. तांदूळ गावाचा होता, माणसे गावात होती. तरी ती तू काढली नाहीस. का, ते मी लिहीत नाही. एक माणूस एक मत, इथे तुझ्या पोटात दुखले असेल.

तेव्हा माझे उत्तर नाही असे आहे.

बैल सध्या पवनीला मामाकडे आहेत. का, ते विचारू नकोस.

अंकुश


५ जून २०२३

प्रविणदादा,

काल तलाव मारला. तू आला नाहीस. तुला सगळे माहीत आहे, तरी लिहितो, कारण माहीत असलेले विसरण्यात तू हुशार आहेस.

पाणी उतरले की गाव मिळून मासे धरते. तलावाच्या पाळीवर सारखे वाटे घालतात, जितक्या चुली तितके वाटे. प्रत्येक चुलीचा माणूस आपली खूण टोपलीत टाकतो, कोणी बिडीचे थोटूक, कोणी आंब्याची कोय, कोणी बैलाच्या गळ्यातली घंटी. गावच्या एखाद्या जावयाला पाठमोरे उभे करून त्याच्या हातून एकेक खूण एकेका वाट्यावर ठेवून घेतात. जावयाला वाटा नसतो, म्हणून टोपली त्याच्या हाती. ज्या वाट्यावर तुझी खूण, तो तुझा. मोठा मासा आला तरी तुझा, चिखल आला तरी तुझा.

लग्नानंतर तू बाबांशी भांडून अंगणात वेगळी चूल मांडलीस. चार महिने ती पेटली, मग तू तृप्तीवहिनींना घेऊन नागपूरला गेलास. पण गावाने तेव्हाच पाळीवर तुझ्या नावाचा दगड ठेवला होता. तिथे आपली दोन घरे आहेत. आजवर तू त्या एका दिवसासाठी येत होतास, हे मी नाकारत नाही.

काल भोजराजकाकांनी विचारले, "प्रविणची खूण कोन टाकते?"

आई म्हणाली, "मी टाकतो जी."

"वहिनी, मंग माती कोन टाकंन? तुमचे गुडगे?"

दुसऱ्याची खूण टाकणाऱ्याच्या अंगावर त्याचे कामही येते. पावसाआधी पाळीवर त्याच्या चुलीच्या वाट्याची मातीही त्यालाच टाकावी लागते, आणि ते सख्ख्या भावानेच करायचे असते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पायातला काटा काढत होतो. बाबा म्हणाले, "ज्याले पाह्यजे तो येईन."

खूण पडली नाही. तुझा वाटा सगळ्यांत मिसळला. एक वर्ष चालते. दुसऱ्या वर्षी खूण पडली नाही तर भोजराजकाका दगड उचलून तलावात टाकतील आणि पिंपळटोलीत तुझे घर नाही असे होईल. मग पाळीवर तुला पाहुण्यासारखे उभे राहावे लागेल. टोपली हाती धरायला तू चालशील.

पायात काटा खरेच होता.

अंकुश


२० नोव्हेंबर २०२३

प्रविणदादा,

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला तू आलास, दोन दिवस राहिलास आणि भांडून गेलास. तू हे नागपुरात वेगळे सांगशील, म्हणून झाले तसे लिहून ठेवतो.

तू आल्याआल्या सगळ्यांना व्हिजिटिंग कार्डे वाटलीस. मॅनेजिंग डायरेक्टर, डीपीयू ग्लोबल प्रायव्हेट लिमिटेड, सोनेरी अक्षरांत. वच्छलाकाकूने ते डगमगत्या पाटाखाली घातले. बाबांनी त्याच्या कोपऱ्याने दात कोरला आणि विचारले, "तुया कंपनीत बैल किती?"

तू म्हणालास, "बाबा, कंपनीत बैल नसतात. ॲसेट्स असतात."

"मंग ते ॲसेट धुऱ्यावर चरते का गोठ्यात?"

"तुम्हाला नाही कळणार. कंपनी म्हणजे कायद्याने वेगळी व्यक्ती असते. ती माझ्यापेक्षा वेगळी. मी मेलो तरी ती जगते."

"वा! मंग तिले म्हना, बापाच्या पाया पड."

मंडईला आलेली माणसे ओट्यावर होती, ती हसली. तुझे कान लाल झाले. मग तू गोठ्याकडे पाहून विचारलेस, "बैल कोठी हायेत?" रागात असलास की तू आपल्या बोलीत बोलतोस. बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि मी चहा आणायला आत गेलो.

बाबांनी तुला ते सांगितलेच असेल, तर माझी बाजूही ऐक. मी घरात एवढेच म्हणालो होतो की कंपनी बुडाली तर डायरेक्टरच्या घरादारावर जप्ती येते, आणि आई डायरेक्टर आहे. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. सकाळी त्यांनी बैल टेम्पोत घालून पवनीला नेले. नंतर लाखांदूरच्या एका करसल्लागाराने सांगितले की 'लिमिटेड' याचा अर्थच उलटा आहे, साधारणपणे जेवढे घातले तेवढेच बुडते. त्या पुस्तकाची दोन पाने एकमेकांना चिकटलेली होती. हा वाचनालयाचा दोष आहे. बैल अजून परत आणलेले नाहीत, कारण आणायचे तर बाबांना कारण सांगावे लागेल.

पण तू जे बोललास ते पान चिकटल्यामुळे बोललास असे नाही. भर ओट्यावर म्हणालास, "हा असाच पाळीवर बसून राह्यनार जनमभर. दुसऱ्याच्या धंद्याले भेत." तुझ्या हिशेबात बसून राहणे म्हणजे बाबांबरोबर धान कापणे, आईला दवाखान्यात नेणे, तुझ्या सीएच्या मुलीला ओटीपी सांगणे. तुझ्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आपले घर आहे, म्हणून तिची टपाले सोडवणेही त्यात आले. मॅनेजिंग डायरेक्टर तू आहेस. मॅनेज मी करतो.

तुझे एक कार्ड माझ्याकडे आहे. मागची बाजू कोरी आहे म्हणून ठेवले.

अंकुश


११ फेब्रुवारी २०२४

प्रविणदादा,

आधी आईचे. गेल्या महिन्यात तिच्या राजीनाम्याचा ओटीपी आला. या वेळी तो मुदतीत सांगितला गेला. आई चुलीपाशी होती. म्हणाली, "मले काढलं का रे?"

मी म्हणालो, "काढले नाही. तू राजीनामा दिलास."

"मी कवा देल्ला?"

कागदावर दिला आहे. त्यावर तिची सही आहे आणि ती सही तिनेच केलेली आहे. त्यात काय लिहिले होते ते तू तिला सांगितले नव्हतेस. आता वच्छलाकाकू तिला 'रिटायर डायरेक्टर' म्हणते. चिखलात हसली होती, या वेळी हसली नाही. मला वाटत होते की तिला या लचांडातून सोडवले तर ती सुखी होईल. तिला वाटते की मुलाने तिला कामावरून कमी केले.

आता तुझ्या पाकिटाबद्दल. जुनी कंपनी बंद करून तू एका माणसाची कंपनी काढतो आहेस. असा प्रकार खरोखर आहे, मी पुन्हा पुस्तक आणले (पाने आधी मोकळी करून घेतली). एकटाच मालक, एकटाच सभासद. सभा भरवायला नको, कोणाशी वाद नको. तुझ्यासाठी याहून सोयीचे काही निघाले नसते. आधी तुला सात जण हवे होते, मग तिघांवर आलास, मग दोघांवर, आता एक. एकाच्या खाली पुस्तकात प्रकार नाही.

पण कायदा करणारा माणूस तुझ्याहून शहाणा होता. त्याला माहीत होते की एकटा माणूस मरतो, किंवा त्याचे डोके चालेनासे होते, आणि मग त्या एकट्याच्या कंपनीला धनी उरत नाही. म्हणून त्याने घातले की एका माणसाच्या कंपनीलाही दुसऱ्या एका माणसाचे नाव द्यावे लागेल, तेही त्या माणसाच्या लेखी संमतीने. नॉमिनी. म्हणजे तू कितीही एकटा झालास तरी एक माणूस असा लागतोच, जो सही करून म्हणेल की याच्यानंतर मी आहे.

तो फॉर्म तू मला पाठवला आहेस. सोबत एक ओळसुद्धा नाही. फुलीच्या ठिकाणी सही कर, असे पेन्सिलीने लिहिले आहे.

मी करसल्लागाराला विचारले. तो म्हणाला, "बहुतेक जण बायकोचं नाव देतात." मग तृप्तीवहिनींचे का नाही? याचे उत्तर दे. मला वाटते ते असे असावे की वहिनी नागपुरात असतात, त्यांना विचारावे लागेल, समजावून सांगावे लागेल. मी गावात असतो, मला फुली दाखवली की पुरे.

आई डायरेक्टर होती तोवर आईची सही, आता माझी. उत्तर नाही असे आहे.

अंकुश


२१ एप्रिल २०२४

प्रविणदादा,

बैल आणायला पवनीला गेलो होतो. बाबांना म्हणालो की मामाकडे चारा संपला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि टेम्पो ठरवला.

बाजाराच्या वाटेवर तृप्तीवहिनी दिसल्या. डोक्यावर मिरच्यांचे पोते, सोबत त्यांची आई. मला वाटले माहेरी पाहुण्या आल्या असतील. त्यांनी सांगितले की जानेवारीपासून त्या इथेच आहेत.

मी काही विचारले नाही. त्याच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे भाऊ वाईट नाईत. मारनं नाई, पिनं नाई. पन घरात मानसं दोन, अन् मी बोलाले गेली का हात वर करून म्हनत, 'दहा मिनिटं, मीटिंग आहे.' मी पाहो त फोन बंद राहे. कोनासंग मीटिंग, देवाले ठाऊक."

मग मिरच्यांचे पोते सारखे केले आणि म्हणाल्या, "जेवतात का बराबर?"

मला माहीत नव्हते. मी "हो" म्हणालो. याची नोंद घे, मी तुझ्यासाठी खोटे बोललो, आणि ते मला आवडलेले नाही.

तू हे फोनवर सांगितले नाहीस. मंडईला आलास तेव्हा एकटा होतास, तर म्हणालास तिला सुट्टी नाही. तेव्हाही काही धड नव्हते म्हणायचे. तुझी कीव येते असे समजू नकोस. बायकोला सभासद करून घेता येईना, असल्या माणसाने कंपनी कशाला काढावी, एवढेच मनात आले.

तो फॉर्म अजून माझ्याकडेच आहे. परत पाठवणार होतो, पण त्या मापाचे पाकीट दिघोरीत मिळाले नाही.

तलाव जूनच्या पहिल्या रविवारी मारायचा ठरला आहे. हे दुसरे वर्ष. तुझा दगड अजून पाळीवर आहे, परवा त्यावर बगळा बसला होता. मी तुझी खूण टाकणार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर म्हणू नकोस की अंकुशवर विसंबून राहिलो. तू ये. सकाळी ये, उन्हाच्या आत वाटे पडतात. वहिनी आल्या नाहीत तरी चालेल. कार नसली तरी चालेल, साकोलीवरून बस आहे.

अंकुश


३ जून २०२४

प्रविणदादा,

तू आला नाहीस.

मी साडेनवाची बस पाहिली. ती पाळीवरून दिसते, तुला माहीत आहे. उतरणाऱ्यांत तू नव्हतास. बाबांनीही बस पाहिली. आपण पाहिली हे त्यांनी दाखवले नाही, टोपले उचलून उलट्या दिशेला गेले.

या वर्षी मासे बरे होते. मरळ, शिंगी, आणि झिंगे भरपूर. वाटे पडले. टोपली पवनीहून आलेल्या एका जावयाच्या हाती होती, भोजराजकाकांच्या पुतणीचा नवरा, जरा हसतमुख आहे. खुणा पडत गेल्या. बाबांनी आपल्या चुलीची घंटी टाकली. मग काकांनी विचारले, "प्रविणची खूण कोन टाकते?"

आईने पदर तोंडाला लावला.

काकांनी दुसऱ्यांदा विचारले. परसराम म्हणाला, "अजी तो आता नागपूरचा साहेब झाला, त्याले कायची खूण? उतरवा." तो माणूस भिंत पाडून पळालेला, तो बोलला.

काकांनी तिसऱ्यांदा विचारले नाही. ते तुझ्या दगडापाशी गेले आणि वाकले. त्यांची कंबर दुखते, एक हात गुडघ्यावर ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने दगड हलवला. खाली ओली, पांढुरकी माती दिसली. इतकी वर्षे तो एका जागी होता.

मी म्हणालो, "थांबा जी."

माझ्याजवळ खूण म्हणून काही नव्हते. मी काही ठरवून गेलो नव्हतो, हे तू ध्यानात ठेव. खिशात पेन होते, पण पेन मला लागते. पेनाबरोबर तुझे ते कार्ड होते. मागच्या बाजूला मी पोस्टाचा पिनकोड लिहिला होता. ते टोपलीत टाकले.

जावयाने ते उचलून मोठ्याने वाचले, "मॅनेजिंग डायरेक्टर, डीपीयू ग्लोबल प्रायव्हेट लिमिटेड!" पाळीवर जे हसू उसळले ते तुझ्यापर्यंत कोणीतरी पोहोचवीलच, म्हणून मीच लिहितो. वच्छलाकाकू म्हणाली, "डायरेक्टर मच्छी खाते का टेंडर भरते?" भोजराजकाका म्हणाले, "हवेनं उडून जाईन ते. गोटा ठेव त्याच्यावर." परसराम म्हणाला, "कंपनी बी तशीच उडाली म्हनतात."

मी परसरामला काय म्हणालो ते लिहीत नाही. आई पाळीवर होती, म्हणून तेवढ्यावर थांबलो.

मग दुसऱ्याची खूण टाकणाऱ्याला ते वाक्य म्हणावे लागते. मी ते लहानपणापासून ऐकतो आहे, पण स्वतः कधी म्हटले नव्हते. मधला शब्द चुकू दिला नाही. "याच्या चुलीचं भलं-बुरं माया अंगावर." काकांनी दगड पुन्हा बसवला आणि पायाने दाबला.

वाटे उचलले गेले. तुझ्या कार्डाखाली मरळ निघाली, पाळीवरची सगळ्यांत मोठी. आपल्या घंटीखाली झिंगे. नेहमीप्रमाणे.

आईने तुझी मरळ वेगळ्या भांड्यात शिजवली आणि कोणाला हात लावू दिला नाही. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा बाबा म्हणाले, "आता ज्यानं खूण टाकली त्यानं खा." मी खाल्ली. चांगली झाली होती. अर्धी आईने परत झाकून ठेवली, कशासाठी ते मी विचारले नाही. उन्हाळ्यात ती टिकत नाही, हे तिला माझ्याहून जास्त कळते.

मग खणातून फॉर्म काढला. सही केली आहे. पेन्सिलीची फुली खोडली, कारण सही कुठे करायची ते मला दिसते. नाते या रकान्यात तुझ्या सीएच्या मुलीने 'रिलेटिव्ह' असे लिहिले होते. ते खोडून 'भाऊ' लिहिले आहे. चालत नसेल तर नवा फॉर्म पाठव, मी तेच लिहीन.

यात माझे तुझ्या धंद्याबद्दलचे मत बदलले असे समजू नकोस. चार वर्षांत तू चार प्रकारच्या कंपन्या पाहिल्यास आणि एकीतही माणूस टिकवता आला नाही. नॉमिनीला तुझ्या मरणानंतर कंपनी मिळते. मला ती नको आहे. तेव्हा आधी नीट जेवत जा, म्हणजे तो प्रश्न येणार नाही. वहिनी पवनीत विचारत होत्या, त्यांना मी "हो" सांगून बसलो आहे. ते खरे करायचे काम तुझे आहे, माझे नाही.

तुझ्या चुलीच्या वाट्याची माती येत्या सोमवारपासून टाकायची आहे. पाऊस लागायच्या आत संपवावी लागते. ती मी टाकणार. यात लिमिटेड काही नसते, संपेपर्यंत टाकावी लागते.

फावडी घरात दोन आहेत.

अंकुश